सौंदडची मूठ

नागपूरहून पूर्वेकडे मोटारीने जाणाऱ्याला सौंदड ठाऊक असते ते मागे पडणारे गाव म्हणून. भंडारा गेले, लाखनी गेली, साकोलीला चहा झाला, की मग सौंदड केव्हा आले नि केव्हा गेले हे गप्पांच्या नादात कळतही नाही. सुरतेकडून ओडिशाकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग इथून जातो. जुनी माणसे त्याला अजून 'सहा नंबर'च म्हणतात. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारा लोहमार्गही इथलाच. म्हणजे दोन्हीकडची माणसे सौंदडवरून जातात. आम्हीही वर्षानुवर्षे जातच होतो. गेल्या पाडव्याला मात्र थांबावे लागले.

माझी थोरली बहीण अर्जुनी-मोरगावला असते. कोहमाऱ्याला उजवीकडे वळून नवेगावबांधवरून तिच्याकडे जायचे, हा आमचा भाऊबीजेचा ठरलेला रस्ता. गाडी अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. छोटी मारुती, एका शिक्षकाने भविष्यनिर्वाह निधीतून घेतलेली आणि पोटच्या पोरासारखी पुसलेली. अण्णा जाऊन तीन वर्षे झाली. गाडी थकली होती, मला परवडेनाशी झाली होती, आणि नागपुरात एक गिऱ्हाईक ठरलेही होते. ही गोष्ट ताईला सांगायची राहिली होती. 'प्रत्यक्ष भेटीत सांगू' असे मी सौभाग्यवतींना म्हणत होतो. भित्रा माणूस नेहमीच प्रत्यक्ष भेटीची वाट पाहतो.

सौंदडला चहासाठी थांबलो. निघताना गिअर टाकला आणि मूठच माझ्या हातात आली. तीसुद्धा दोन तुकड्यांत. अण्णांच्या तळव्याने गुळगुळीत झालेली ती काळी प्लॅस्टिकची मूठ; तिच्यावरचे गिअरचे आकडे केव्हाच पुसले गेले होते. आता दांड्याचे उघडे, आटे पाडलेले लोखंडी टोक माझ्याकडे पाहत होते. सौभाग्यवतींनी त्यावर रुमाल गुंडाळला. दुसऱ्या गिअरला रुमाल निसटला आणि तळवा खरचटला.

"बाबा, तुम्ही दुरुस्त करा ना," कन्या म्हणाली. मी मराठीचा प्राध्यापक. मुठीवरचे वाक्प्रचार मला डझनभर येतात. मूठ बसवणे हा त्यांतला नव्हे.

गॅरेज सणामुळे बंद होते. चहावाल्याने गावात एका सुताराकडे धाडले. पाडवा असूनही म्हातारबुवा ओसरीवर कामाला बसले होते. हलके धान कापून झाले होते, भारी धान उभे होते; विळ्यांच्या मुठी मागायला माणसे येत होती. मी तुकडे पुढे केले. त्यांनी ते उलटसुलट पाहिले आणि विळ्यासाठी तासून ठेवलेला एक ठोकळा उचलला.

"तिवस हाय जी. बैलगाडीले चालते, मंग तुमच्या गाडीले काऊन नाही चालनार?"

वाकसाने त्यांनी कोंबडीच्या अंड्याएवढा गोळा काढला आणि कानस फिरवून गुळगुळीत केला. मग एका डब्यातले नट माझ्यापुढे ओतले. "याच्यातला तुमच्या दांड्याले लागते तो तुमीच पाहा."

इथून माझी शाळा सुरू झाली. नट बोटांनीच चार-पाच फेरे सहज फिरला पाहिजे. अर्ध्या फेऱ्यात अडला तर आटे जुळत नाहीत असे समजावे आणि पान्याने जबरदस्ती करू नये, नाहीतर दांडाच कामातून जातो. सातवा नट लागला. मग तसलाच आणखी एक शोधला. बुवांनी गोळ्याला खालून आंधळे भोक पाडले, म्हणजे आरपार नव्हे; त्याच्या तोंडाशी पटाशीने नटाच्या मापाची षट्कोनी खोबण कोरली, जरा घट्टच, आणि नट ठोकून बसवला. उरलेल्या फटीत लाख वितळवून भरली. पळसावर लाख पिकवणारा हा मुलूख. विळ्याचे पाते इथे लाखेनेच मुठीत बसवतात.

"मग नुसती लाखच का नाही भरत?" मी विचारले.

"उनात उभी करान ना गाडी? लाख पाघरते. नट आपल्या खोबनीत हाय तर फिरनार नाही."

मुद्दा मला पटला. वैशाखात बंद मोटारीत बसलेल्या कोणालाही पटेल.

आता बसवायचे. बुवा विळ्यांकडे वळले. "तुमीच बसवा जी. तुमचा हात तिथं राहनार."

गाडी सपाट जागी होतीच. एंजिन बंद केले, हातब्रेक ओढला, चाकांना दगड लावले, गिअर न्यूट्रलमध्ये घेतला. दांड्याची खोळ खाली सारली, रॉकेलच्या फडक्याने आटे पुसले. आधी सुटा नट पार खालपर्यंत फिरवला, मग त्यावर मूठ चढवली. ती हाताला नीट आली तेव्हा खालचा नट पान्याने वर आणून तिच्या बुडाशी आवळला. दोघे एकमेकांना दाबून धरतात, म्हणून मूठ आपोआप सुटत नाही. अलीकडच्या गाड्यांत मूठ नुसती दाबून बसवलेली असते किंवा रिव्हर्ससाठी खाली उचलायचे कडे असते. तिथे ही विद्या चालायची नाही. आकड्यांचा नकाशा कन्येने गाडीच्या पुस्तकातून पाहून पेनने काढला, बुवांनी तो तापल्या खिळ्याने डागला.

एवढ्यात गल्लीतून गायगोधन निघाले. रंगवलेली शिंगे, माळा, मागे वाजंत्री, पोरांचा गलका. धूळ बसेपर्यंत मी हातात पाना घेऊन उभा होतो, आणि गावातल्या कोणालाही मी परका वाटत नव्हतो. बुवांनी विळ्याच्या मुठीचेच पैसे घेतले.

ताईच्या दारात गाडी उभी राहिली तेव्हा अंधार पडला होता. ती कौतुकाने गाडीत डोकावली आणि थांबली. "मूठ बदललीस, बाळ?"

मी खिशातले दोन्ही तुकडे काढले. आणि तसाच, तिथेच, दाराशी उभा राहून गिऱ्हाइकाचेही सांगून टाकले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "तुला झेपत नाही, मला चालवता येत नाही. वीक. पण फोनवर सांगितले असतेस तरी चालले असते रे." तुकडे तिने माझ्या हातून घेतले. दुसऱ्या दिवशी ओवाळताना ते देव्हाऱ्यात, अण्णांच्या चष्म्याशेजारी दिसले.

गिऱ्हाइकाला लाकडी मूठ नको होती. बाजारातून प्लॅस्टिकची आणून ती मीच बसवली. दहा मिनिटे लागली. तिवसाची मूठ आता माझ्या टेबलावर असते, उत्तरपत्रिकांवर वजन म्हणून.

यंदा भाऊबीजेला आगगाडीने जायचे आहे. गोंदियाला बदलून बल्लारशाची पॅसेंजर धरायची. ती सौंदडला थांबते.