मोतीची भाऊबंदकी

आमच्या मोतीला माणसांचे भारी वेड. चोर आला तर हा त्याला बॅटरी दाखवील, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. पण कुत्रा दिसला की ह्याचा दुर्वास होतो. संध्याकाळी साखळी धरून मी निघालो की जळगाव जामोदच्या रस्त्यांवर लोक मला वाट करून देतात. वर्गातही मला इतका मान मिळत नाही.

भाऊबंदकी माणसांत आहे, मग कुत्र्यांत का नसावी, असे म्हणून मी बरेच दिवस समाधान करून घेतले. मात्र देवघरातल्या तसबिरीत दत्तापाशी चार कुत्रे गुण्यागोविंदाने असलेले पाहिले की मला ओशाळल्यासारखे होई.

गेल्या उन्हाळ्यात मोतीने बोळातल्या एका पिल्लाचा पाय फोडला. ते खेळायला आले होते. उताणे पडून त्याने पोट दाखवले. तिथे थांबायचे, हा कुत्र्यांचा शिष्टाचार. मोतीला तो ठाऊकच नव्हता. पिल्लाला उचलून गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. टाके घालता घालता त्यांनी विचारले, "तुमचा कुत्रा केवढा असताना आणलात?"

"महिन्याचाही नसेल. बाटलीवर वाढवला!" मी अभिमानाने म्हणालो.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितले ते मी पुढे वाचूनही पाहिले. स्कॉट आणि फुलर ह्या दोघा अमेरिकन संशोधकांनी वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून १९६५ साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिल्लू माणसांशी आणि आपल्या जातभाईंशी नाते जोडते. खेळताना भावंडाला जोरात चावले की ते केकाटते, खेळ मोडतो. पुन्हा खेळायचे तर दात सांभाळावे लागतात. मोतीची ही शाळाच मी बुडवली होती. त्यात साखळीची भर. मोकळे कुत्रे परक्याकडे वळसा घेत जाते, हुंगते, नको वाटले तर निघून जाते. बांधलेल्याला ना वळसा, ना पळवाट. वर मालकाची मूठ आवळलेली. ते बिचारे आधीच भुंकून घेते.

आमच्या दूधवाल्या मामांनी हे ग्रंथाशिवाय सांगितले होते. "सर, मायपासून लवकर तोडलं तुम्ही त्याले. आता कुत्र्याची बोली त्याले कोण शिकवीन?" मी मराठीचा प्राध्यापक, निदान बोलीचा मुद्दा तरी मला कळायला हवा होता.

मोतीला आणला तो दिवस वसुबारसेचा. घरात गाय-वासराची पूजा झाली आणि थोड्या वेळाने मी ते पिल्लू पिशवीत घालून घेऊन आलो. त्याची आई पार कोपऱ्यापर्यंत मागे आली होती. मुले टाळ्या पिटत होती. मी वळून पाहिले नाही.

आता मी त्याला पहाटे सातपुड्याच्या बाजूला नेतो, साखळी ढिली सोडून. समोरून कुत्रा आला की आम्हीच वळसा घेतो. ते पिल्लू वाचले, किंचित लंगडते. परवा ते आमच्या फाटकाशी येऊन बसले. मोती गुरगुरला, थांबला, मग त्याने गजांतून नाक बाहेर काढले. पिल्लू जरा मागे सरकले, पण उठून गेले नाही.