एक भागिले दोन

बेंगळुरूच्या एका संशोधन संस्थेत पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला आलेल्या एका विद्यार्थिनीला मार्गदर्शकांनी एक जुना प्रोग्रॅम दिला. तो लिहिणारा विद्यार्थी प्रबंध पूर्ण करून केव्हाच परदेशी गेला होता. रेणूंच्या कंपनांच्या ऊर्जापातळ्या काढणारा तो प्रोग्रॅम पायथन या भाषेत होता. त्यातून निघणाऱ्या वर्णपटाच्या रेषा प्रयोगाशी उत्तम जुळत, त्यामुळे त्यावर कोणी शंका घेतली नव्हती. प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकावर तो बिनतक्रार चाले. तिच्या नव्या लॅपटॉपवर मात्र तो पहिल्याच फेरीत अडला: ‘प्रिंट’ या आज्ञेला कंस हवे होते. तिने कंस घातले. प्रोग्रॅम चालला आणि त्याने वेगळेच उत्तर दिले.

तिला हायड्रोजनच्या जागी ड्यूटेरियम आल्यास रेणूची शून्यबिंदू ऊर्जा, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीवरही रेणूत उरणारी कंपनाची ऊर्जा, किती बदलते हे काढायचे होते. जुना संगणक म्हणे, फरक शून्य. नवा म्हणे, शून्य नाही. शून्य हे उत्तर असूच शकत नाही, असे भौतिकशास्त्र सांगत होते. पण वर्षानुवर्षे जुळत आलेल्या रेषा सांगत होत्या की प्रोग्रॅम बरोबर आहे. आठवडाभर तिने हे कोणालाच सांगितले नाही. लहान गावातल्या महाविद्यालयात तिचे सारे गणित कागदावर झाले होते. चूक आपलीच असणार, असे तिला वाटत होते. ती तशी नसेल, तर मग एका पूर्ण झालेल्या प्रबंधाचे काय, हा प्रश्न त्याहून जड होता.

अखेर तिने तो प्रोग्रॅम ओळीओळीने वाचायला घेतला. तो वाचता आला, याचे श्रेय भाषेकडेही जाते. १९८९ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, ॲमस्टरडॅमच्या राष्ट्रीय गणित व संगणकशास्त्र संस्थेत काम करणाऱ्या खिडो व्हान रॉसम यांनी पायथन रचायला सुरुवात केली. नाव सापावरून नव्हे, तर ‘मॉण्टी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळीवरून घेतले. त्याआधी त्यांनी याच संस्थेत ‘एबीसी’ या भाषेवर काम केले होते. ती भाषा प्रोग्रॅमर नसलेल्यांसाठी होती. तिच्याकडून पायथनने एक सवय उचलली: कोणती ओळ कोणत्या ओळीच्या पोटात येते हे महिरपी कंसांनी न दाखवता समासापासूनच्या अंतराने दाखवायचे. प्रोग्रॅम एकदा लिहिला जातो आणि अनेकदा वाचला जातो, हा विचार या भाषेच्या मुळाशी आहे. विज्ञानात तर तो अधिकच खरा, कारण जे दुसऱ्याला वाचता येत नाही ते त्याला तपासताही येत नाही.

तरीही वाचून उलगडा झाला नाही. तेव्हा एका रविवारी ती शहरातल्या पायथनप्रेमींच्या मासिक बैठकीला गेली. शेवटच्या रांगेत बसून बैठक संपेपर्यंत ती गप्प राहिली आणि चहाच्या वेळी एका मध्यमवयीन गृहस्थांना तिने अडखळत सारे सांगितले. त्यांनी उत्तर दिले नाही. “हा प्रोग्रॅम किती ओळींचा आहे?” त्यांनी विचारले. नऊशे. “यातले अनावश्यक ते काढत जा. दोन्ही संगणकांवर उत्तर वेगळे येईल असा सर्वांत छोटा तुकडा उरला, की मला दाखवा.”

नवख्याला हे टाळल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात ही प्रयोगशाळेतलीच शिस्त आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि परिणाम पाहायचा. रात्री तिने मोठे रेणू काढून हायड्रोजन क्लोराइड ठेवला. मग आलेख काढले, फाइली वाचणे काढले. नऊशेच्या साठ ओळी झाल्या, साठांच्या सात. शेवटी एकच उरली: पातळीच्या क्रमांकात एक भागिले दोन मिळवा आणि एका क्वांटमच्या ऊर्जेने गुणा. क्वांटम यांत्रिकीच्या पहिल्या सत्रात प्रत्येकाने लिहिलेले हे सूत्र. तिने नुसते ‘एक भागिले दोन’ विचारून पाहिले. लॅपटॉप म्हणाला, ०.५. जुना संगणक म्हणाला, ०.

जुन्या संगणकावर पायथनची दुसरी आवृत्ती होती. तिच्यात दोन पूर्णांकांच्या भागाकारातून पूर्णांकच मिळे आणि अपूर्णांक गळून जाई. त्यामुळे प्रत्येक पातळीतून अर्धा क्वांटम नाहीसा होत होता. मात्र वर्णपटाची रेषा दोन पातळ्यांच्या फरकातून येते आणि सर्वच पातळ्या सारख्या खाली सरकल्या तर फरक तसाच राहतो. म्हणून रेषा बरोबर होत्या, प्रबंधही बरोबर होता. शून्यबिंदू ऊर्जा मात्र त्या प्रबंधात कोणी विचारलीच नव्हती. हायड्रोजन क्लोराइडचा कंपनांक सुमारे २९९१ प्रतिसेंटिमीटर, त्याच्या ड्यूटेरियमयुक्त जोडीदाराचा सुमारे २१४५. दोहोंच्या निम्म्यांतला फरक सुमारे ४२३. जुना संगणक जिथे शून्य सांगत होता, तिथे खरे उत्तर हे होते.

हा दोष पायथनने ‘सी’ भाषेकडून घेतला होता. सरावलेल्या प्रोग्रॅमरना तो दोष वाटतच नव्हता; तो नवशिक्यांमुळे उघडा पडला. अमेरिकेतील ‘ॲलिस’ या प्रकल्पात त्रिमितीय दृश्ये रचण्यासाठी पायथन वापरले जाई. तिथे नवशिक्यांना काम करताना पाहिले, तेव्हा त्यांना अडवणाऱ्या प्रमुख गोष्टींत एक होती लहान-मोठ्या अक्षरांतला भेद आणि दुसरी हा भागाकार. २००१ मध्ये तो बदलण्याचा रीतसर प्रस्ताव आला. तेव्हापासून जुन्या आवृत्तीतही ‘भविष्यातून भागाकार आयात करा’ अशा अर्थाची एक ओळ लिहून नवा नियम वापरता येऊ लागला. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तो सर्वांसाठी लागू झाला आणि १ जानेवारी २०२० पासून दुसऱ्या आवृत्तीची देखभाल थांबली. ज्यांना ‘कळत नव्हते’ त्यांच्या गोंधळाने भाषा सुधारली. नवशिक्याचा प्रश्न अनेकदा अज्ञान नसून निरीक्षण असते, ते असे.

हे निरीक्षण ऐकून घेणारी माणसे लागतात, आणि ती भारतात आहेत. ‘पायकॉन इंडिया’ ही परिषद २००९ मध्ये बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम भरली. स्वयंसेवक ती चालवतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने मराठीसह अनेक भारतीय भाषांत मुक्त संगणकप्रणालींचे पाठ तयार केले आहेत. केंद्रीय मंडळाच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात आज पायथनच शिकवले जाते. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या नोंदीची, १४ सप्टेंबर २०१५ ची, विदा सर्वांना खुली आहे आणि तिच्यासोबतचे पाठ पायथनमध्ये आहेत. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’बद्दल वाचणारा कोणताही विद्यार्थी सुमारे एक पंचमांश सेकंदाची ती थरथर स्वतःच्या संगणकावर गोंगाटातून वेगळी काढू शकतो. ती नीट निघाली नाही, तर कुठे अडले हे विचारूही शकतो.

त्या विद्यार्थिनीने परदेशातल्या आपल्या पूर्वसूरीला पत्र लिहिले. मजकूर तिने चारदा बदलला. आरोप वाटू नये, याची तिला काळजी होती. दुसऱ्याच दिवशी उत्तर आले. त्याने आधी आभार मानले होते, मग आपल्या सर्व रेषा पुन्हा तपासल्याचे लिहिले होते आणि शेवटी विनंती केली होती की प्रोग्रॅमच्या माथ्यावर हे सारे स्पष्ट लिहून ठेवावे. तिने ते लिहिले. खाली तीन ओळींची एक चाचणीही जोडली: सर्वांत खालच्या पातळीची ऊर्जा शून्य आली, तर प्रोग्रॅमने तिथेच थांबावे.

पुढच्या वर्षी प्रयोगशाळेत आलेली नवी मुलगी दोन दिवस पडद्याकडे नुसती पाहत बसली होती. तिसऱ्या दिवशी, मान खाली घालून, “ताई, एक अगदी बावळट प्रश्न आहे,” म्हणाली. हिने शेजारची खुर्ची ओढली.

“आधी तो छोटा करून दाखव,” ती म्हणाली, “मग आपण दोघी वाचू.”