आजोळची वाट
यंदा दिवाळीत आजोळी, दुबलगुंडीला गेलो होतो. बिदर जिल्ह्यातल्या हुमनाबाद तालुक्यातलं हे गाव. मामी एका दमात मराठी आणि कन्नड बोलते.

मामेभाऊ जन्मापासून अंध. तोच मला माणिकनगरला घेऊन गेला. वाट त्याला पाठ. माणिकप्रभूंच्या (१८१७–१८६५) या गादीला संगीताची मोठी परंपरा आहे आणि संस्थानाची अंध मुलांसाठी शाळाही आहे. दर्शन झालं, ओसरीवर बसून भजन ऐकलं.

परतताना तो म्हणाला, "दादा, सगळे म्हणतात, तू गाणं शिक. मला कायदा शिकायचाय."

मी गप्प. मीही तेच म्हणत आलो होतो.

मग सांगितलं, २०१६ च्या कायद्यानं सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तर अपंगत्वाच्या अभ्यासाचं स्वतंत्र केंद्रच आहे.

"तिथं शिकवायला आमच्यातलं कोण असतं?" त्यानं विचारलं.

मला सांगता आलं नाही. सध्या आम्ही दोघं मिळून प्रवेशाचे अर्ज भरतोय. तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्याला काय जमेल हे ठरवण्याआधी काय शिकायचंय ते विचारा.