किल्ली कोणाच्या हाती?

सातारा म्हटले की लोकांना अजिंक्यतारा आठवतो, कंदी पेढे आठवतात, कासची फुले आठवतात. आपल्या माणसाला मात्र आधी एक शाळा आठवते. राजवाडा परिसरातील ही शाळा पुढे छत्रपती प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली गेली. ७ नोव्हेंबर १९०० रोजी सुभेदार रामजींचा नऊ वर्षांचा मुलगा या शाळेत इंग्रजी पहिलीत दाखल झाला. दाखल्याच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकापुढे नाव आहे भिवा रामजी आंबेडकर. २०१७ पासून महाराष्ट्र शासन हाच दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळते.

गेल्या नोव्हेंबरअखेर दोन दिवसांची रजा टाकून साताऱ्यास जाण्याचा योग आला. स्वारगेटहून एस.टी. धरली. खंबाटकी घाट ओलांडल्यावर पाचवड, भुईंजच्या थांब्यांवर गणवेशातल्या मुलींचे थवेच्या थवे गाडीत चढले. त्यांच्या गळ्यात पास होते. महाराष्ट्रात ग्रामीण भागातील मुलींना शाळेसाठी एस.टी.चा प्रवास मोफत आहे. या एका पासाने किती मुलींचे शिक्षण वाचले असेल! एखाद्या सोयीचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल तर सकाळच्या एस.टी.त उभे राहून प्रवास करावा.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या कुशीत वसलेले गाव. राजपथ आणि कर्मवीर पथ हे त्याचे दोन मुख्य रस्ते. या गावाला पाण्याचे दुर्भिक्ष नव्हते. डोंगरावरच्या कास तलावाचे पाणी इंग्रजी अमदानीत उताराच्या पाटाने गावात खेळवले गेले. नळही आले. परंतु पाणी गावात येणे वेगळे आणि तहानलेल्या मुलाच्या ओंजळीत येणे वेगळे! बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्या आत्मकथनात साताऱ्यातील शाळकरी दिवसांविषयी लिहून ठेवले आहे. इतर मुलांना तहान लागली की मास्तरांची परवानगी घेऊन ती नळावर जात. या मुलाला मात्र परवानगी पुरत नसे. नळाला त्याचा हात लागायचा नाही, म्हणून शिपायाने येऊन तोटी सोडावी लागे. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच घरी न्यायची. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही घरून आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावीत नसे.

मी पेशाने कारकून. बी.कॉम. झाल्यापासून वह्या, खतावण्या आणि रजिस्टरे यांतच हयात चालली आहे. म्हणून राजवाड्यासमोर उभा असताना मनात आले ते असे की, त्या रजिस्टरात क्रमांक आहे, नाव आहे, तारीख आहे. पण मूल कशावर बसले याचा रकाना नाही. पाणी कोणी पाजले याचा रकाना नाही. सरकारी हिशेबाने शाळेत नळ होता, म्हणजे सोय होती! कागद खोटा नव्हता. तो अपुरा होता.

याच शाळेत आंबेडकर आडनावाचे एक शिक्षक होते. मधल्या सुट्टीत मुलाला लांब घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या शिदोरीतील भाजीभाकर त्याला देत. ही आठवण बाबासाहेबांनी आयुष्यभर कृतज्ञतेने जपली. एकाच शाळेत एका बाजूला बंद तोटी होती आणि दुसऱ्या बाजूला ही भाकर होती. शाळा म्हणजे इमारत नव्हे, हे यावरून कळावे.

तेथून रयत शिक्षण संस्थेकडे आणि कर्मवीरांच्या समाधीकडे गेलो. भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत. मुले अर्धपोटी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले. ज्या गावात एका मुलाला तोटीला हात लावता येत नव्हता, त्याच गावात पाव शतकाच्या आत हे घडले. मुलांची सोय पैशाने होते हे खरे, पण तिच्याआधी ती करण्याची नियत लागते.

परतीच्या वाटेवर एका तालुक्याच्या गावी उतरलो. तेथील माध्यमिक शाळेच्या पालक-शिक्षक संघात माझे एक स्नेही काम करतात. "साहेब, शाळेची पाहणी करायची आहे. तुमची नजर हिशेबी आहे, जरा सोबत या," असा त्यांचा निरोप होता. शाळेचे नाव येथे देत नाही. अशा शाळा गावोगावी आहेत.

इमारत पक्की होती. रॅम्प होता, पाण्याची टाकी होती, संगणकाची खोली होती. मुलामुलींची स्वच्छतागृहे वेगवेगळी होती. तपासणीच्या तक्त्यात सर्व रकान्यांपुढे 'आहे' असे लिहिलेले होते. मुलींच्या स्वच्छतागृहाला मात्र कुलूप होते आणि किल्ली कार्यालयात, पुरुष लिपिकाच्या टेबलामागील खिळ्याला! मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. म्हणाले, "काय करणार साहेब? उघडे ठेवले की तोट्या चोरीला जातात."

आम्ही नववीच्या मुलींशी बोललो. आधी कोणी बोलेना. मग एक धीट मुलगी म्हणाली, "काका, किल्ली मागायला गेलं की सगळ्यांना कळतं. म्हणून आम्ही पाणीच पीत नाही."

शंभरावर वर्षे लोटली. गोणपाट गेले, बाके आली. शिपायाच्या हातची तोटी गेली आणि लिपिकाच्या टेबलामागची किल्ली आली! दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत, याची मला जाणीव आहे. पण तहान दाबून बसलेले मूल तेव्हाही वर्गात होते आणि आजही आहे.

येथे कायद्याची एक गोष्ट पालकांनी ध्यानात घ्यावी. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात पिण्याचे पाणी, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहे, ग्रंथालय व क्रीडांगण यांची सक्ती आहे. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी आहे. परंतु हा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. शाळेतील दुपारचा पोषण आहारही आठवीपर्यंतच. आठवीतल्या धाकट्याच्या ताटात खिचडी पडते आणि नववीतला थोरला त्याच आवारात उपाशी हिंडतो. वाढीचे वय, मासिक पाळीचे वय, दहावीच्या धास्तीचे वय नेमके इथले. आणि नेमका इथेच आधार सुटतो.

त्या शाळेत पुढे काय झाले, तेही सांगतो. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत माझ्या स्नेह्यांनी कोणावर दोषारोप न करता चार ठराव मांडले. ते मंजूर झाले. आता शाळेच्या वेळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप नसते. सुटल्यावर ते लावण्याचे काम एका शिक्षिकेकडे आहे. पितळी तोट्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या, चोरीचा प्रश्नच मिटला. टाकी धुतल्याची तारीख टाकीवरच रंगाने लिहिली जाते. सफाईसाठी मजुरी देऊन बाई नेमली. त्याआधी झाडू कोणत्या वस्तीतल्या मुलांच्या हाती जात होता, हे आपल्या वाचकांस सांगायला नको. तक्रारपेटी होती, पण तिची किल्लीही कार्यालयातच! आता ती दर शनिवारी सखी सावित्री समितीच्या महिला पालकांसमोर उघडतात. नववी-दहावीच्या दुपारच्या जेवणाचा प्रश्न अजून तसाच आहे. संध्याकाळी अभ्यासासाठी वर्गखोली उघडी ठेवावी, ही मागणीही बाकी आहे. पाठपुरावा चालू आहे.

माता-पित्यांना माझी एवढीच विनंती की, आपण जयंतीला वर्गणी काढतो, मिरवणूक काढतो, ते जरूर करावे. पण वर्षातून दोनदा मुलांच्या शाळेतही जावे. तक्ता पाहू नये, मुलांना विचारावे. आज पाणी प्यालास का? कोठे बसतोस? शेजारी कोण बसते? शाळा कोण झाडते? मनातले सांगावे असे शाळेत कोण आहे? उत्तर देताना मूल अडखळले, तर समजावे की कोठेतरी कुलूप आहे. मग भांडण न करता, पण न घाबरता, अर्ज लिहावा, त्याची पोच घ्यावी आणि तारीख टाकून जपून ठेवावी. एवढे काम कोणाही पालकाला करता येते.