द्राक्षमळ्यांच्या खोऱ्यात चार रात्री

द्राक्षवेल, द्राक्षमळा आणि द्राक्षकुंड हे शब्द आपण उपासनेत वारंवार ऐकतो. परंतु बेळगाव-खानापूरकडील आपणां भातशेती करणाऱ्या लोकांपैकी कितीजणांनी प्रत्यक्ष द्राक्षमळ्यात पाऊल ठेवले असेल? आम्हांस धर्मगुरू होऊन अठरा वर्षे झाली. दररोज वेदीवर द्राक्षारसाचा चषक आम्ही हाती घेतो. तरीही वेलीवरून तो बाटलीत कसा येतो, हे पुस्तकापलीकडे आम्हांस ठाऊक नव्हते. 2023 च्या सप्टेंबरात ते पाहण्याचा योग आला, तोही सातासमुद्रांपलीकडे कॅलिफोर्निया राज्यात, आणि एका चाकांवरच्या घरात राहून.

त्याचे असे झाले. तेथील एका धर्मग्रामाचे फादर रजेवर गेल्यामुळे आम्ही दोन महिने बदली सेवेस गेलो होतो. आमचे थोरले मावसबंधू, ज्यांस आम्ही दादा म्हणतो, सॅक्रामेंटो शहरानजीक एकतीस वर्षे राहत आहेत. निवृत्त होताच त्यांनी एक वापरलेली घरगाडी विकत घेतली. चोवीस फूट लांबीची ही मोटार म्हणजे खरोखरच एक बिऱ्हाड होते. शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, मागे एक पलंग आणि चालकाच्या डोक्यावर फळीसारखा एक बिछाना. तो आमच्या वाट्यास आला. पोटाशी पाण्याच्या तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी मोरीच्या पाण्याची आणि तिसरी, वाचकांनी ओळखावी अशी. ही तिसरी टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी लागते, आणि ते काम ज्याने एकदा केले त्यास घरगाडीच्या प्रवासाचे फार कौतुक उरत नाही!

गाडी घेतल्यावर दादांनी वहिनींस विचारले, "पहिल्या खेपेस कुठे जायचे?" वहिनी म्हणाल्या, "द्राक्षे बघायची आहेत." त्यांचे माहेर अथणी तालुक्यातले. वडील दुसऱ्याच्या बागेत छाटणीच्या कामास जात आणि लहानपणी त्या त्यांच्यामागून टोपली घेऊन फिरत. जगप्रसिद्ध द्राक्षांचे खोरे घरापासून दोन तासांच्या वाटेवर; परंतु एकतीस वर्षांत त्या तिकडे एकदाही गेल्या नव्हत्या. कारण दादांचे पिणे. ही गोष्ट आम्ही दादांच्या अनुमतीनेच लिहीत आहोत. "लिही, फादर; एखाद्या घरी उपयोगी पडेल," असे ते म्हणाले. दारूपायी त्यांची एक नोकरी गेली, थोरला मुलगा चार वर्षे बोलत नव्हता. ती सुटली त्यास आता अकरा वर्षे झाली. तेव्हा वहिनींनी मागणी केली खरी. पण बोलून गेल्यावर त्यांना झोप लागेना.

पहिल्या रात्री, कॅलिस्टोगा गावाजवळच्या सरकारी वनोद्यानात उंच वृक्षांखाली गाडी लावल्यावर, दादा पाण्याची नळी जोडावयास बाहेर गेले. वहिनींनी हलक्या आवाजात विचारले, "फादर, मिस्सेची बाटली कुठे ठेवली आहे?" आम्ही पिशवीकडे बोट दाखविले. "ती उशाखाली घेऊन झोपा," त्या म्हणाल्या. आम्ही तसे केले. बाटली लहान होती. परंतु त्या रात्री ती आम्हांस फार मोठी वाटली.

नापा खोरे सुमारे तीस मैल लांब असून अधिकात अधिक रुंदी पाच मैलांच्या आसपास आहे. दोन्ही बाजूंस डोंगर आणि मध्ये दोन रस्ते. त्यांच्या कडेने एकास लागून एक द्राक्षमळे व मद्यालये. आपल्याकडे मद्यालय म्हटले की जे डोळ्यांपुढे उभे राहते, तसे येथे काही नाही. फुलबागा, दगडी वाडे, टापटिपीचे नोकर. आत जाऊन निरनिराळ्या द्राक्षारसांचे चार-पाच घोट चाखावयाचे, आणि त्यासाठी माणशी चाळीस-पन्नास डॉलर किंवा त्याहून अधिक मोजावयाचे. चाखून थुंकण्यासाठी पात्रेही ठेवलेली असतात. फार थोडे लोक त्यांचा उपयोग करतात. 1976 साली पॅरिस येथे नावे झाकून घेतलेल्या परीक्षेत या खोऱ्यातील द्राक्षारसांनी फ्रान्सच्या नामांकितांस मागे टाकले, तेव्हापासून येथील जमिनीचे भाव आकाशास भिडले. आमची घरगाडी पाहून दोन ठिकाणच्या रखवालदारांनी दुरूनच हात हलविला: एवढी मोठी गाडी आत वळणार नाही. तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली. वहिनी व आम्ही आत गेलो. दादा बाहेर एका ओकवृक्षाखाली खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचीत बसले. वहिनींनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि खिडकीतून ओकवृक्षाकडे पाहिले. मग काचेपलीकडच्या वेलींविषयी त्या इतके प्रश्न विचारू लागल्या की बिचाऱ्या नोकरास आतून माळ्यास बोलवावे लागले.

आम्हांस विशेष पाहावयाचे होते ते रदरफोर्ड गाव. जॉर्ज द लातूर नामक फ्रेंच गृहस्थांनी 1900 साली तेथे बोल्यो नावाचा द्राक्षमळा काढला. 1920 च्या जानेवारीत अमेरिकेत देशभर दारूबंदी आली आणि ती 1933 च्या डिसेंबरपर्यंत टिकली. शेकडो मद्यालयांस कुलपे लागली. हा मळा मात्र तगला, कारण कायद्याने धार्मिक विधींच्या द्राक्षारसास सूट दिली होती आणि द लातूर वेदीसाठी द्राक्षारस पुरवीत. आपल्या आजोबांस आठवत असेल, बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाच्या परवान्याची सोय होती. अमेरिकेत त्या तेरा वर्षांत अशा द्राक्षारसाची मागणी भाविकांच्या मानाने संशय यावा इतकी वाढली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. वेदीच्या नावावर पुष्कळांनी आपली तहान भागविली.

सेंट हेलेना गावाच्या उत्तरेस ग्रेस्टोन नावाची प्रचंड दगडी इमारत आहे. 1950 साली ती दे ला साल संप्रदायाच्या ब्रदरांनी घेतली. शाळा चालविणे हे या ब्रदरांचे मूळ कार्य, आणि द्राक्षारसाचा व्यवसाय हा त्या शाळांस हातभार. त्यांचे ब्रदर टिमथी हे पूर्वी रसायनशास्त्र शिकवीत. 1935 पासून सुमारे अर्धशतक ते तळघराचे मुख्य होते. बुचे काढण्याच्या स्क्रूंचा मोठा संग्रह त्यांनी केला होता. 1989 साली ब्रदरांनी हा व्यवसाय विकून टाकला, आणि 1995 पासून ग्रेस्टोनमध्ये पाककलेची संस्था आहे. ज्या घरात फळ्यावर सूत्रे लिहिणाऱ्या एका ब्रदराने पिंपे सांभाळली, तेथे आज पांढऱ्या टोप्या घातलेली मुले कांदे चिरावयास शिकतात. आम्हांस ते आवडले.

याच परिसरात 2020 च्या सप्टेंबरात भयंकर वणवा लागला होता. डोंगरउतारावर जळलेले खोड अजून उभे होते. धूर द्राक्षाच्या सालीत शिरतो आणि रसाला राखेची चव येते. म्हणून त्या वर्षी कित्येक मळ्यांतील फळ तोडलेच गेले नाही. ते ऐकून वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे गारपीट झाली की बाबा दोन दिवस जेवत नसत."

तिसऱ्या दिवशी सोनोमा गाठले. फ्रान्सिस्कन फादर होसे आल्तिमीरा यांनी 1823 साली तेथे मठ स्थापिला. कॅलिफोर्नियातील एकवीस मिशनांपैकी हे शेवटचे आणि सर्वांत उत्तरेचे. मिस्सेसाठी द्राक्षारस हवा म्हणून या फादरांनी वेली लावल्या. या प्रदेशातील द्राक्षशेतीचे मूळ तेथे आहे. पांढऱ्या भिंतींचे साधे मंदिर पाहून मन प्रसन्न झाले. परंतु बाजूस एक लांब ग्रॅनाइटची शिळा आहे. मिशनमध्ये राहून मरण पावलेल्या आठशेहून अधिक आदिवासी स्त्री-पुरुष-बालकांची बाप्तिस्म्याची नावे तीवर कोरली आहेत. देवी, गोवर यांसारख्या नव्या रोगांनी ही माणसे पटापट गेली, आणि त्यांच्याकडून काम करून घेतले गेले ते सर्वच खुषीचे होते असे इतिहास म्हणत नाही. मारिया, होसे, हुआन, फ्रान्सिस्को. आमच्या जन्मनोंदवहीतही हीच नावे थोड्या निराळ्या उच्चारांत आहेत. दादा एकेक ओळ बोटाने वाचीत चालले. आम्ही टोपी काढून उभे राहिलो. द्राक्षांविषयी त्या दिवशी कोणी फारसे बोलले नाही.

शेवटचा मुक्काम लोडाय येथे. येथील काही मळेवाले घरगाडीवाल्यांस आपल्या अंगणात रात्रभर राहू देतात. भाडे घेत नाहीत. पाहुण्याने काहीतरी विकत घ्यावे एवढाच संकेत. वहिनींनी शिरक्याची बाटली व द्राक्षांचा मुरंबा घेतला. मालकाने बिलाकडे पाहिले, दादांकडे पाहिले आणि काही न विचारता सर्वांस सफरचंदाचा रस आणून दिला. समज असणारा माणूस.

येथे वहिनींस जे दिसले त्याने त्या थक्क झाल्या. मांडव नाही, तार नाही. कमरेएवढ्या, वाकड्यातिकड्या, मनगटापेक्षा जाड खोडाच्या वेली ठेंगण्या म्हाताऱ्यांप्रमाणे आपापल्या पायांवर उभ्या. वय शंभरावर! त्या जगल्या त्यास दोन कारणे. दारूबंदीच्या काळात घरी थोडा द्राक्षारस करण्यास मुभा होती. म्हणून येथील जाड सालीची द्राक्षे रेल्वेने दूर पूर्वेकडील शहरांत जात, आणि मळे तोडण्याची पाळी आली नाही. दुसरे कारण येथली वाळूमिश्रित जमीन. फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड मुळे शोषून वेल मारते. वाळूत तिचे फारसे चालत नाही. ही कीड मूळची अमेरिकेची. तिने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, आणि उपायही अमेरिकेतच सापडला: किडीस दाद न देणाऱ्या अमेरिकन रानवेलीचा खुंट घ्यावयाचा व त्यावर युरोपीय द्राक्षाचे कलम करावयाचे. वहिनी एकदम म्हणाल्या, "मग आमचा डॉगरिज?" आम्ही मालकास विचारले. डॉगरिज हा टेक्सासकडील रानवेलीचा खुंट निघाला! सांगली, नाशिक, विजापूरकडील शेतकरी क्षारांसाठी व पाण्याच्या टंचाईसाठी जो खुंट लावतात, तो याच देशातून आलेला. वहिनींनी मालकास, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळ छाटणी, अशी आपल्याकडील दोन छाटण्यांची पद्धत हातवारे करून सांगितली. तेथे हिवाळ्यात वेल झोपते व एकदाच छाटतात; आपल्याकडे ती झोपतच नाही. मालकाने वहीत टिपून घेतले. बागेतल्या मजुराची मुलगी त्या क्षणी कोणत्याही प्राध्यापकाहून कमी दिसत नव्हती.

त्या रात्री तीनच्या सुमारास गाडीचे दार वाजले. वहिनींचा आवाज आला: "फादर, ते बाहेर गेले." आमचा हात प्रथम उशाखाली गेला. पिशवी जागेवर होती. मग आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. आम्ही चपला घालून बाहेर पडलो. मळ्याच्या टोकास दिव्यांचा प्रकाश होता. फळ थंड असतानाच तोडावे म्हणून तेथे रात्रीच तोडणी चालते; कपाळावर दिवे बांधलेले मेक्सिकन मजूर वाकून झपाझप घड कापीत होते. दादा त्यांच्या मुकादमापाशी उभे राहून, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलत, द्राक्षे खात होते. आम्हांलाही एक घड दिला. मणी लहान, बिया मोठ्या, साल जाड, आणि गोडी अशी की ओठ चिकटले. "अशीच खाल्ली तर काय वाईट आहेत?" दादा म्हणाले. एक घड त्यांनी वहिनींसाठी रुमालात बांधून घेतला.

सकाळी घरगाडीतल्या घडीच्या मेजावर आम्ही मिस्सा केली. मेजावर पांढरे वस्त्र दादांनीच अंथरले. लहानपणी ते आमच्या गावच्या देवळात वेदीसेवक होते. सवय हातांत राहिली होती. मग ते चालकाच्या डोक्यावरील बिछान्यापाशी गेले, आमच्या उशीखालून पिशवी काढली, बाटली उघडून लहान कुपीत हवा तेवढा द्राक्षारस ओतला, आणि बूच घट्ट बसवून बाटली आमच्या हाती दिली.

"फादर," ते म्हणाले, "चार रात्री ही उशाखाली घेऊन तुझी मान दुखली असेल."

वहिनी खिडकीकडे तोंड करून मेणबत्ती लावीत होत्या. पहिल्या दोन काड्या विझल्या.