विश्रामबाग वाडा : मुलांना दाखवावी अशी जागा

गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही वस्तीतील पंधरा-वीस मुलामुलींना घेऊन पुण्याचा विश्रामबाग वाडा पाहावयास गेलो. बाजीराव रस्त्यावर हा वाडा उभा आहे. सागवानी लाकडाचे कोरीव खांब, दर्शनी सज्जा, आत चौक. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तो बांधला.

आत शिरताच एका मुलीने विचारले, "काका, पेशव्याचा वाडा आपण कशाला पाहायचा?"

प्रश्न रास्त होता. पेशवाईत पुण्यातील अस्पृश्यास कमरेला झाडू बांधून चालावे लागे, हे बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनावरील आपल्या 1936 च्या भाषणात नमूद केले आहे. आम्ही मुलांना चौकात बसविले आणि पुढची हकिगत सांगितली.

1818 साली पेशवाई बुडाली. 1821 साली इंग्रज सरकारने याच वाड्यात पाठशाळा काढली. पण ती संस्कृतची, ब्राह्मण मुलांपुरती. राज्य बदलले तरी आपल्याला दार बंदच राहिले. 1848 साली जोतीराव व सावित्रीबाईंनी जवळच भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली, पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. अंगावर शेण-दगड झेलले. आणि 16 नोव्हेंबर 1852 रोजी या विश्रामबाग वाड्यातच मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे जोतीरावांचा शालजोडी देऊन जाहीर सत्कार झाला. तेव्हा ते अवघे पंचवीस वर्षांचे होते.

पुढे 1876 ते 1883 जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. नगरपालिकेचा कारभार या वाड्यात आला तो त्यानंतर फार वर्षांनी. 1950 साली महानगरपालिका झाली तेव्हाही तो इथूनच चाले. आमचे आजोबा झाडू खात्यात होते. पगाराच्या दिवशी ते याच चौकात रांगेत उभे राहत, असे वडील सांगत. आपण उभे आहोत त्याच वाड्यात जोतीरावांचा गौरव झाला, हे आजोबांना कोणी सांगितले नव्हते. तेही आम्ही मुलांना सांगितले.

भिडेवाडा डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. विश्रामबाग वाडा मात्र उभा आहे. निघताना त्या मुलीने 1852 ची तारीख वहीत टिपून घेतली.

बंधू-भगिनींनो, पुण्यास आलात तर शनिवारवाडा पाहून परतू नका. मुलांना येथेही आणा, आणि ही तारीख त्यांना आपल्या तोंडाने सांगा.