ताकवाली

जूनच्या शेवटच्या आठवड्यातल्या शनिवारी मी पहाटे उठून ताक करते. दोन मोठे जग. आल्याचा रस, भाजून भरडलेलं जिरं, आणि मीठ घरच्यापेक्षा दुप्पट. कूलरमध्ये बर्फ भरते, पोळ्यांचा डबा आणि लिंबाच्या लोणच्याची बरणी मागच्या सीटवर ठेवते आणि तासाभरावरच्या कल्व्हर्स गॅपला जाऊन बसते. न्यू जर्सीच्या या कोपऱ्यात अ‍ॅपलेशियन ट्रेल झाडीतून बाहेर येते, 206 नंबरचा रस्ता ओलांडते आणि पुन्हा झाडीत शिरते. झाडाच्या बुंध्यावर दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरा पट्टा रंगवलेला असतो. वाटेची खूण तेवढीच. त्या पट्ट्याखाली माझी घडीची खुर्ची.

आधी वास येतो, मग माणूस दिसतो. आठवडाभर अंगावर वाळलेल्या घामाचा तो आंबूस वास पहिल्या वर्षी मला सहन झाला नव्हता. आता तो आला की मी ग्लास भरायला घेते.

मागच्या वर्षी एक उंच, हडकुळा गृहस्थ आला. साठीचा असावा. बूट काढण्याआधी त्याने परवानगी विचारली, यावरूनच तो घरंदाज वाटला. एका बुटाचा तळ चंदेरी चिकटपट्टीने बांधलेला. मोजे उतरले तेव्हा दोन बोटांना नखंच नव्हती, तिसरं जांभळं झालेलं. ‘पेनसिल्व्हेनिया,’ एवढंच म्हणाला. त्या राज्याच्या उत्तर भागातली वाट दगडांची आहे. हिमयुगात बर्फाची चादर जवळच येऊन थांबली होती, आणि तिच्या कडेच्या गारठ्याने कडे फोडफोडून त्यांचे तुकडे माथ्यावर पसरून ठेवले. त्या दगडांची धार पायात घेऊन माणसं माझ्यापर्यंत येतात. जॉर्जियातल्या स्प्रिंगर डोंगरावरून मार्च-एप्रिलात निघालेली, तेराशेहून अधिक मैल चाललेली. मेन राज्यातला कटाडिन अजून साडेआठशे मैलांच्या पुढे. सगळी वाट जवळजवळ 2,190 मैलांची, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर, चौदा राज्यांतून जाणारी. गृहस्थ पाच ग्लास ताक प्यायला. सहावा भरताना मी त्याला नाव विचारलं, तर त्याने वहीत बदकाचं चित्र काढून दाखवलं.

इथे खरी नावं चालत नाहीत. वाटेवरची माणसं एकमेकांना टोपणनावं ठेवतात. दुसऱ्याने द्यायचं, आपण घ्यायचं. नको असेल तर नाकारायचं, पण स्वतःच स्वतःला ठेवलेलं नाव जरा हलकं समजतात. मला तिसऱ्या वर्षी एका मुलीने ‘बटरमिल्क’ करून टाकलं. मी मनात त्याचं ‘ताकवाली’ केलं आणि घेतलं.

फलटणचे नातेवाईक फोनवर विचारतात, ‘म्हणजे तिकडची वारीच की गं?’ मी हो म्हणते, कारण फोनवर एवढंच सांगता येतं. माउलींची पालखी फलटणला मुक्कामी असायची तेव्हा आमच्या वाड्यात पिठल्याची कढई चुलीवरून उतरायची नाही, आणि ओट्यावर बसलेल्या अनोळखी माणसाला ‘घ्या माउली’ म्हणून वाढायचं हे मला आईनेच शिकवलं. हात तोच आहे. पण वारकरी एकटा निघत नाही. त्याची दिंडी ठरलेली, दिंडीला नंबर, तंबूत त्याची जागा, आणि शेजारी चालणारा बहुधा गावचाच. इथला माणूस गाव सोडून, नोकरी सोडून, पुष्कळदा एखादं लग्न सोडून एकटा येतो आणि गाव वाटेत जमवतो. दर्शनाचंही तसंच. कटाडिनच्या लाकडी पाटीला हात लावून लोक रडतात हे खरं, पण पाटीच ती.

ते गाव जमतं कसं, याचं मला कुतूहल आहे. ही वाट सुचली बेंटन मॅकाय नावाच्या वनअधिकाऱ्याला. 1921 साली, पत्नी गेल्यानंतरच्या काही महिन्यांत, त्याने वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकात आराखडा छापला. त्यात नुसती पायवाट नव्हती. वाटेलगत निवारे होते, एकत्र राहायच्या वस्त्या होत्या, शेतं होती. शहरात पिचलेल्या माणसांनी डोंगरावर येऊन मिळून जगावं असा बेत. वस्त्या झाल्या नाहीत, शेतं झाली नाहीत. मायरन एव्हरी नावाच्या हट्टी वकिलाने सायकलच्या चाकाचं मोजयंत्र ढकलत मैल मोजले, माणसं कामाला लावली, मॅकायशी भांडण घेतलं, आणि 1937 मध्ये वाट जोडून झाली. स्वप्न पाहणारा आणि काम उरकणारा यांचं पटलं नाही, यात नवल नाही. मॅकायच्या आराखड्यातले निवारे मात्र टिकले. अडीचशेहून जास्त आहेत.

निवारा म्हणजे तीन भिंती, वर छप्पर, चौथी बाजू उघडी. आत फळ्यांचा ओटा, त्यावर ओळीने झोपायचं. रात्री उंदीर अंगावरून जातात. पाऊस पडत असेल तर ओट्यावर आणखी एकाला जागा असतेच, असा संकेत. दिवसभर जो तो आपापल्या चालीने, एकटा चालतो. निवारे साधारण आठ-दहा मैलांवर असल्याने संध्याकाळी तेच चेहरे पुन्हा समोर येतात. काल ज्याच्या घोरण्याला शिव्या दिल्या, आज त्याच्याच स्टोव्हवर पाणी तापवून घ्यायचं. चार-सहा दिवसांत या चेहऱ्यांचं कुटुंब होतं, इंग्रजी ‘ट्रेल’ आणि ‘फॅमिली’ यांचा सांधा करून लोक त्याला ‘ट्रॅमिली’ म्हणतात. हा शब्द मला आवडत नाही. कुटुंबातून उठून जाता येत नाही. इथे कुणाचा गुडघा गेला की बाकीचे दुसऱ्या दिवशी पुढे निघतात, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

कॅलिफोर्नियात वेगळंच पाहिलं. एका एप्रिलमध्ये लेकीबरोबर पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलचे पहिले 110 मैल चालले, मेक्सिकोच्या सीमेवरच्या कॅम्पोपासून वॉर्नर स्प्रिंग्जपर्यंत. ती वाट 2,650 मैलांची, कॅनडापर्यंत जाते. तिथे तसे निवारे नाहीत. प्रत्येकाचा तंबू वेगळा, प्रत्येकाची रात्र वेगळी. मग माणसं भेटतात कुठे? पाण्यापाशी आणि सावलीत. सत्त्याहत्तराव्या मैलाला सिझर्स क्रॉसिंगचा पूल आहे. भर दुपारी आम्ही त्याच्याखाली शिरलो तर अकरा माणसं वाळूत आडवी पडलेली, बूट उशाला. नाव, गाव, धंदा कुणी विचारलं नाही. एकच प्रश्न, ‘तुझ्याकडे किती लिटर?’ पुढे चोवीस मैल भरवशाचा झरा नाही. चौदा मैलांवर स्वयंसेवक पाण्याच्या बाटल्या आणून ठेवतात, पण त्यांच्यावर विसंबून निघू नये असा तिथला नियम. लिटरभर पाणी म्हणजे पाठीवर किलोभर ओझं, त्यामुळे प्रत्येकाची बेरीज घासूनपुसून केलेली. अशात एका मुलाची पिशवी काट्याने फुटली. शेजारच्या दाढीवाल्याने स्वतःची बाटली उघडली आणि त्याच्या बाटलीत ओतायला लागला. अर्ध्या लिटरच्या रेघेपर्यंत. आम्ही सगळे ती धार बघत होतो, कुणी बोललं नाही. मुलगा ‘थँक यू’सुद्धा नीट म्हणू शकला नाही. मग दुसऱ्या बाईने तिची बाटली पुढे केली, मग माझ्या लेकीने. मी केली नाही. मी बेरीज करत बसले होते.

तिसरी मोठी वाट, कॉन्टिनेंटल डिव्हाइड, मी पाहिलेली नाही. आता गुडघे पाहू देणार नाहीत. ती चाललेले सांगतात की पाच-पाच दिवस माणूस दिसत नाही, गुरांच्या हौदातलं हिरवं पाणी गाळून प्यावं लागतं, आणि प्रत्येक जण आपल्याला हवा तो फाटा घेत असल्याने दोन वाटसरू एकाच मुक्कामाला येतील याची खात्री नसते. पण न्यू मेक्सिकोत पाय टाऊन नावाच्या चिमुकल्या गावात एक घर आहे, ज्याच्या फाटकावर जुने टोस्टर टांगलेले आहेत आणि दाराला कुलूप नाही. आत जायचं, झोपायचं. जिथे महिन्यात मोजकी माणसं येतात तिथेच दार असं उघडं टाकता येत असावं.

आमच्या वाटेवर आता अति होतं. क्रॉसिंगवर कुणी बर्गर भाजतं, कुणी बिअरचे खोके सोडून निघून जातं आणि रात्री अस्वल येतं. म्हणून मी कूलर सोडून हलत नाही. शिवाय हे गाव सगळ्यांचं नाही हेही खुर्चीतून दिसतं. पाच-सहा महिने पगाराशिवाय राहू शकणाराच इथे पोचतो. इतक्या वर्षांत माझ्या हातचं ताक प्यायलेले देशी चेहरे बोटांवर मोजण्याइतके. अशा वेळी मला एमा गेटवूड आठवते. 1955 साली, सदुसष्ट वर्षांची, अकरा मुलांची आई. कॅनव्हासचे बूट, स्वतः शिवलेली झोळी, पावसासाठी न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. मुलांना फिरायला जाते म्हणून निघाली आणि अख्खी वाट एकटीने चालली. रात्री अनोळखी घरांची दारं ठोठावायची. काहींनी पांघरूण दिलं, काहींनी दार लावून घेतलं.

तर तो बदकवाला गृहस्थ. पोळीत लोणचं गुंडाळून खाल्लं आणि डोळे मिटून बसला. मीठ हवं असतं शरीराला. निघताना जरा संकोचून विचारलं, यातलं थोडं मिळेल का? मी चेनच्या पिशवीत पाव किलो भरून दिलं, वर दुसरी पिशवी चढवली. तेल गळेल, म्हटलं. त्याने ती पिशवी झोपायच्या मोज्यात घातली.

ऑक्टोबरात मी आणि शेजारीण न्यूयॉर्कच्या हद्दीतला एक तुकडा चालायला गेलो. दुपारी एका निवाऱ्यात टेकलो. तिथे डब्यात वही असते, येणारा-जाणारा लिहून जातो. सवयीने पानं मागे उलटत गेले. जुलैच्या तारखेची पहिली ओळ, ओल्या हाताने लिहिलेली, पेनाची शाई फुटलेली: ‘पिवळं संपलं.’ खाली बदक. त्याखाली दुसऱ्याच अक्षरात: ‘पिवळं म्हणजे काय?’ त्याखाली तिसऱ्या अक्षरात: ‘बटरमिल्कला विचारा. मलाही चमचाभर मिळालं होतं.’

डब्यात पेन्सिलीचा तुकडा होता. टोक मोडलेलं. शेजारणीने चाकू काढून दिला, आणि मी ओट्याच्या काठावर बसून टोक करायला घेतलं.